बटन दाबा, वेल्डिंग तयार

गवंडी रुसतो, सुतार गायब होतो, प्लंबर निदान फोन उचलून खेकसतो तरी. वेल्डरचं तसं नाही. वेल्डर फार गोड माणूस असतो. तो कधीच नाही म्हणत नाही. ‘काका, उद्या सकाळी दहाला आलोच’ हे तो इतक्या मायेनं म्हणतो की आपल्यालाच अपराधी वाटायला लागतं, बिचाऱ्याला उगीच धावपळ करायला लावतोय आपण. मग दहा वाजतात, बारा वाजतात, ठाण्यातल्या माजिवडा नाक्यावरची गर्दी ओसरून पुन्हा भरते, आणि फोनवर तोच आवाज, तीच माया. ‘काका, मशीन साइटवर अडकलंय. उद्या नक्की.’

आमच्या सोसायटीच्या गेटची वरची बिजागरी तुटली होती. म्हणजे तिचा जोड सुटला आणि गेट खालच्या बिजागरीवर कलून उभं राहिलं. गाडी आली की वॉचमन आधी सलाम ठोकायचा आणि मग गेटला खांदा द्यायचा. येता-जाता असा खांदा देणं बरं दिसत नाही, असं बी विंगमधल्या आजींनी चेअरमनना बजावलं होतं. चेअरमन म्हणाले, ‘वेल्डरला सांगितलंय. उद्या येतोय.’

बरं, आमच्याकडे लोखंड जोडणाऱ्यांचा दुष्काळ आहे म्हणावं तर तेही नाही. घोडबंदर रोड माजिवड्याहूनच सुटतो, नाशिकचा हायवे इथूनच जातो, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून वडाळा ते कासारवडवलीची मेट्रो चार. तिचं काम चालू असताना रात्री गॅलरीत उभं राहिलं की वर कुठेतरी निळसर ठिणग्या उडायच्या. बाळकूमच्या अंगाला ग्रिलवाल्यांचे गाळे आहेत. पलीकडे वागळे इस्टेट, जिथे १ ऑगस्ट १९६२ रोजी एका छोट्याशा समारंभात एमआयडीसीचा जन्म झाला. अख्ख्या राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ ज्या गावात जन्मलं, त्या गावात एका बिजागरीला बोटभर जोड मारायला माणूस मिळू नये? आता कारखाने गेले आणि त्यांची नावं नाक्यांना राहिली, हे खरं. गोल्डन डाईजला आज रंग मिळत नाही, लाल सिग्नल तेवढा मिळतो.

अशा वेळी निवृत्त पुरुषाच्या मनात एक अतिशय धोक्याचं वाक्य येतं. ‘त्यात काय एवढं?’

माझ्या मनात ते मोबाईलवर एका परदेशी दाढीवाल्याला पाहून आलं. आपल्याला ठाऊक असलेलं वेल्डिंग म्हणजे रॉडचं. उकिडवा बसलेला माणूस, एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात काळ्या काचेचा स्क्रीन. दहा नाहीतर बारा नंबरचा रॉड लोखंडावर घासायचा, ठिणगी पडते, हातभर रॉड जळत जळत बोटभर उरतो, तो फेकून नवा लावायचा, आणि जोडावर साठलेला काळा पोपडा हातोडीनं ठोकून उडवायचा. या दाढीवाल्याला यातलं काहीच करावं लागत नव्हतं. मशीनच्या पोटात तारेचं रीळ. मोटर ती तार केबलमधून गनपर्यंत ढकलत आणते. गनचा खटका दाबला की तार आपोआप बाहेर यायला लागते, लोखंडाला टेकते आणि पेटते. तारेच्या भोवतीनं गॅसचा फवारा येतो आणि वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. रॉड बदलणं नाही, पोपडा ठोकणं नाही. तो गृहस्थ मधेमधे कॉफी पीत होता.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून काही न घेता परतलेला पुरुष मला अजून भेटायचा आहे. पाना घ्यायला गेलेला माणूस तिथून कॉम्प्रेसर घेऊन येतो. मी तर मशीनच घ्यायला गेलो होतो.

‘मिग वेल्डिंग दाखवा,’ मी आदल्या रात्री पाठ केलेला शब्द रुबाबात टाकला.

‘सीओटू ना?’ दुकानदार मान वर न करता म्हणाला.

‘नाही, मिग.’

‘वही, वही.’

शास्त्रापुरतं सांगायचं तर ‘वही’ नाही. १९४८च्या सुमारास अमेरिकेत, ओहायोतल्या बॅटेल संस्थेत ही पद्धत आकाराला आली, ती मुख्यतः ॲल्युमिनियमसाठी. त्यात आरगॉनसारखे वायू वापरत. हे वायू अत्यंत सभ्य. कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत, आणि म्हणूनच महाग. पुढे १९५०च्या दशकात लक्षात आलं की पोलादाला साधा कार्बन डायऑक्साइडही चालतो. तो स्वस्त, पण आर्कच्या उष्णतेत गप्प न बसणारा. तेव्हा कागदोपत्री त्याला मिग न म्हणता मॅग म्हणायचं. हे सगळं मी दुकानदाराला समजावून सांगितलं. तो म्हणाला, ‘अंकल, बिल कौनसे नाम से बनाऊं?’

मशीन दाखवताना मात्र त्याची कळी खुलली. ‘एकदम आसान. बटन दबाओ, वेल्डिंग हो गया. बच्चा भी कर लेगा.’ बच्चा करू शकेल अशी प्रत्येक वस्तू साठीच्या पुढच्या माणसालाच का विकतात, हे कोणीतरी शोधून काढायला हवं. मग त्यानं ड्युटी सायकल सांगितलं. साठ टक्के. म्हणजे दोनशे अँपिअरवर चालवलं तर दहा मिनिटांतली सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं आराम. नाहीतर मशीन तापून स्वतःच बंद पडतं.

‘कम है क्या, अंकल?’ त्यानं विचारलं.

मी सरकारी कचेरीत आयुष्य काढलं आहे. दहा मिनिटांतली सहा मिनिटं काम करणारं काहीतरी मी प्रथमच बघत होतो. मी लगेच पैसे काढले.

मशीन घेतलं म्हणजे झालं, ही समजूत पुढच्या पंधरा मिनिटांत दूर झाली. दुकानदार एकेक वस्तू काउंटरवर ठेवत गेला आणि प्रत्येकीबरोबर ‘ये तो लगेगाच’ म्हणत गेला. ०.८ मिलिमीटरची तांब्याचा मुलामा दिलेली तार. ज्यातून ती तार बाहेर येते आणि जिथे तिला करंट मिळतो ती तांब्याची टिप. एक नव्हे, मूठभर, कारण तार टिपेतच वितळून चिकटली की टिप गेली. टिपेवरचा नोझल. नोझलमध्ये छर्रे चिकटू नयेत म्हणून लावायची जेल. छर्रे बाकी कुठे चिकटू नयेत म्हणून मारायचा स्प्रे. कातडी हातमोजे. कातडी एप्रन. ठिणगी पडताक्षणी आपोआप काळं होणारं हेल्मेट. गॅसचा रेग्युलेटर, आणि त्या रेग्युलेटरला हीटर.

‘हीटर? मे महिन्यात?’

‘ये तो लगेगाच.’

घरी आल्यावर खोकं उघडायच्या आत चौकशी आयोग बसला.

‘हे काय आहे?’

‘वेल्डिंग मशीन.’

‘आपलं काय तुटलंय?’

‘आपलं नाही. सोसायटीचं गेट.’

‘गेट सोसायटीचं आणि मशीन आपलं?’

हिशेबाच्या प्रश्नांना मी घरी उत्तर देत नाही. किंमत मात्र सांगितली. नागदेवीत सांगितलेली आणि घरी सांगितलेली किंमत यांत जो फरक असतो, त्यावर महाराष्ट्रातले कितीतरी संसार सुखाचे चालले आहेत.

पुढची पायरी कमिटीची. पार्किंगमधला पंधरा अँपिअरचा पॉइंट कॉमन मीटरवर आहे, त्यामुळे विषय बैठकीत घ्यावा लागला. खजिनदारांनी विचारलं, युनिट किती जळतील. सेक्रेटरींनी विचारलं, गॅसची बाटली पार्किंगमध्ये ठेवायला परवानगी लागते का. मी म्हटलं, हा गॅस पेटत नाही, उलट आग विझवतो, सोड्यात असतो तोच. त्यावर एका सभासदानं विचारलं, मग सोडा मिळेल का? चौथ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं की आमच्या भाच्याच्या बिल्डिंगमध्ये वेल्डिंग करताना टीव्ही उडाला होता. शेवटी चेअरमननी तोडगा काढला. ‘काम कमिटीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली होईल.’ ठराव मंजूर झाला. देखरेख करणाऱ्यानं डोळ्यांवर काय लावावं, याचा ठरावात उल्लेख नव्हता. तो विषय नंतर निघाला.

माझं पार्किंग बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येतं. या एका योगायोगानं पुढचं सगळं घडलं.

मशीनला दोन मुख्य बटनं. एक व्होल्टेजचं, एक तारेच्या वेगाचं. रॉडच्या मशीनला आपण करंट ठरवतो. इथे करंट तारेच्या वेगाबरोबर येतो. तार भरभर सोडली की करंट जास्त, हळू सोडली की कमी. व्होल्टेज मशीन स्वतःच स्थिर धरून ठेवतं, आणि यात एक फार दयाळू गोष्ट दडलेली आहे. हात थरथरून गन लांब गेली तर करंट आपसूक उतरतो, तार सावकाश वितळते आणि अंतर भरून निघतं. गन जवळ आली तर उलट. म्हणजे माणसाचा धांदरटपणा गृहीत धरून त्याला सांभाळून घेणारं यंत्र. मॅन्युअलमध्ये हे वाचून मला भरून आलं. इतक्या वर्षांत मला असं कोणी सांभाळून घेतलं नव्हतं.

यंत्राच्या दयेला मात्र मर्यादा आहे. तार पुढे ढकलणाऱ्या रोलरची पकड सैल राहिली तर तार जागच्या जागी घसरते, घट्ट झाली तर चेपते. केबलला वेटोळं पडलं तर आतल्या लायनरमध्ये तार अडते. मोटरला ते कळत नाही, ती इमानेइतबारे ढकलतच राहते, आणि झाकण उघडून बघावं तर आत तारेचा असा गुंता की दिवाळीच्या माळा सोडवणाऱ्या माणसानंही हात जोडावेत. तो कापायचा, टोक पुन्हा रोलरमधून ओवायचं, टिप बदलायची. पहिल्या संध्याकाळी मी वेल्डिंग सोडून बाकी सगळं केलं. दाढीवाल्याला कॉफी प्यायला वेळ कुठून मिळत होता, ते त्यालाच ठाऊक.

मग गॅस. बाटलीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. त्याचा वायू होऊन रेग्युलेटरमधून सुटताना तो इतका गार होतो की सलग काम केलं तर रेग्युलेटरवर बर्फ धरतो आणि गॅस अडखळतो; म्हणून तो हीटर. मी हीटरची पिन लावायचं तात्पुरतं लांबणीवर टाकलं होतं. ठाण्यातली मे महिन्याची दुपार, अंगातून घामाच्या धारा, आणि समोर पितळी रेग्युलेटरवर पांढराशुभ्र बर्फ. बातमी पसरली. पोरं येऊन गाल टेकवून जायला लागली. ही खिडकीतून म्हणाली, ‘घरात माणसं उकडून निघतायत आणि यांच्या बाटलीला हीटर!’

उकडतंय म्हणून मी पार्किंगमध्ये टेबल फॅन आणून लावला. गॅस दर मिनिटाला दहा-बारा लिटरच्या हिशेबानं गनमधून हळुवार सोडायचा असतो, आणि पंखा त्याला तितक्याच सहजतेनं शेजारच्या स्कूटरवर नेऊन सोडतो. जोडाला हवा लागली, आत बुडबुडे अडकले, टाक्याला नुसती भोकंच भोकं पडली आणि आवाज फुटफुट यायला लागला. पंखा बंद करावा तर धूर आणि गॅस साचतो, कोंदट जागेत तो जिवाशी येऊ शकतो. म्हणजे जागा हवेशीर पाहिजे, पण वारा नको. मुंबई-ठाण्यात फ्लॅट विकणाऱ्यांनी अशा जागा बांधल्या आहेत असं ऐकतो. त्यांच्या जाहिरातीत असतात.

याच सुमारास वेल्डर आला. गेटसाठी इतके दिवस हुलकावणी देणारा आमचा मिस्त्री, मी मशीन घेतल्याचं कळल्यावर दहा मिनिटांत हजर झाला. ‘काका, मशीन घेतलं म्हणे?’ त्यानं झाकण उघडलं, रोलर बोटानं फिरवून पाहिला, केबल सरळ केली, टिपेपुढे तार बोटाच्या पेराएवढी सोडून बाकीची पकडीनं तोडली आणि भंगारातल्या अँगलवर एक टाका मारला. काय सुंदर टाका! मग उठून हात झाडले.

‘नंबरांकडे बघू नका काका. आवाज ऐका. फोडणी कशी तडतडते? तसा एकसारखा तडतड आवाज पाहिजे. तो आला की सेटिंग बरोबर.’

‘आणि गेट?’

‘उद्या नक्की.’

त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, हे मला नंतर वाचून कळलं. पातळ लोखंडावर कमी करंटनं काम करताना तार पेटून सतत जळत राहत नाही. ती टेकते, वितळून तुटते, पुन्हा टेकते, सेकंदाला वीस ते दोनशे वेळा. त्या टेकण्या-तुटण्याचा तो तडतडाट. पण आयुष्यभर तयार भाजी खाल्लेल्या माणसाला फोडणीचा आवाज कसा असतो हे कोण सांगणार? मी व्होल्टेज कमी ठेवून खटका दाबला. गनला धक्के बसू लागले, तार न वितळता लोखंडावर आपटायला लागली. ठक, ठक, ठक.

वरून खिडकी उघडली. ‘अहो! तेल तापलेलंच नाहीये! मोहरी नुसती तळाशी पडलीय!’

मी व्होल्टेज वाढवलं. आता नुसता फुसकारा, लोखंडाचे मोठाले थेंब, आणि तार टिपेकडे मागे मागे जळत चाललेली.

‘जळाली! सगळी जळाली! तेल एवढं तापवतात का? आणि मोहरी किती ती कमी!’

व्होल्टेज थोडं खाली, तारेचा वेग थोडा वर. तडतड एकसारखी लागली. वर क्षणभर शांतता. मग आवाज आला, ‘हं. आता घाला हिंग.’

खाली बघतो तो चांगला गुळगुळीत टाका. मिस्त्रीच्या टाक्याच्या शेजारी ठेवला असता तर अनोळखी माणूस थबकला असता. मी तो टाका खाली येऊन पाहणाऱ्या प्रत्येकाला दाखवला आणि मशीन समजून घेतलं की सगळं जमतं, असंही सांगितलं. खिडकीचा उल्लेख केला नाही. तांत्रिक चर्चेत घरगुती तपशील कशाला आणायचे?

त्यानंतर प्रेक्षक वाढले. आपल्याकडे कोणीही काहीही करायला बसलं की चार जण उभे राहतात आणि पाचवा सल्ला देतो. आमचा पाचवा म्हणजे ए विंगमधले माझगाव डॉकमधून निवृत्त झालेले गृहस्थ. ते हातात टॉर्च घेऊनच खाली उतरत. माझ्या टाक्यावर उजेड पाडून, एक डोळा मिटून म्हणत, ‘अंडरकट आहे.’ म्हणजे जोडाच्या कडेला लोखंड खाल्लं गेलंय. ‘आमच्याकडे हे चाललं नसतं. एक्स-रे काढायचो आम्ही प्रत्येक जोडाचा.’ मी म्हटलं, गेटला समुद्रात जायचं नाही. ते म्हणाले, ‘तुम्हाला काय माहीत, ठाण्यात पाऊस झाला की?’ याला मात्र उत्तर नव्हतं.

डोंबिवलीहून मेहुणा आला तो बिनगॅसच्या तारेचं रीळ घेऊनच. ‘दाजी, बाटली-बिटली भानगडच नको. या तारेच्या पोटातच मसाला असतो.’ ते खरं होतं. रॉडवर जे औषध बाहेरून लावलेलं असतं, ते या तारेत आतून भरलेलं. म्हणजे रॉडच उलटा करून लांब ओढलेला. वाऱ्यातही चालतो. त्यानं ऐटीत खटका दाबला. पार्किंग धुरानं भरलं, छर्रे चौफेर उडाले, टाका लोखंडावर बसेना. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, ‘डासांची गाडी आली का?’ या तारेला बहुतेक वेळा मशीनच्या प्लस-मायनसची अदलाबदल करावी लागते, आणि पोपडा तर पडतोच, हे खोक्यावर छापलेलं होतं. पण सूचना वाचणं आमच्या सासरच्या घराण्यात कमीपणाचं मानतात. मेहुण्यानं रीळ आमच्याकडेच ठेवून दिलं. ‘राहू दे दाजी, तुम्हाला उपयोगी पडेल.’

आणि चेअरमन. देखरेखीचा ठराव त्यांनी फारच मनावर घेतला. खुर्ची टाकून ते समोर बसत. मी सांगितलं, तिकडे बघू नका. ते म्हणाले, ‘मी बघतोय तो अधिकृतपणे बघतोय.’ मी हेल्मेट देऊ केलं, तर म्हणाले त्यातून काही दिसत नाही. संध्याकाळी ठणठणीत होते. मध्यरात्री त्यांच्या दोन्ही डोळ्यांत वाळू भरल्यागत खुपायला लागलं. आर्कच्या अतिनील किरणांची गंमत अशी की ते लगेच दुखवत नाहीत, काही तासांनी दुखवतात, बरोबर डॉक्टर झोपल्यावर. पहाटेपर्यंत सगळी सोसायटी चेअरमनच्या दिवाणखान्यात. कोणी बटाट्याच्या चकत्या आणल्या, कोणी गुलाबपाणी, कोणी निरशा दुधाचे थेंब. चेअरमन डोळ्यांवर बटाटा ठेवून सेक्रेटरींना इतिवृत्त सांगत होते. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बटाटा बाजूला काढला, बुबुळावरचा पडदा उन्हानं कातडी भाजते तसा भाजलाय असं सांगितलं, थेंब दिले, दोन दिवसांत बरं होईल म्हणाले, आणि डोळ्यांत दूध घातलंत तर मात्र बरं होणार नाही, असं दम देऊन सांगितलं. बरे झाल्यावर चेअरमननी परिपत्रक काढलं. त्यात माझं नाव होतं.

आता मुख्य काम, गेट. तारेच्या वेल्डिंगला लोखंड लख्ख लागतं. रंग, गंज, तेल काही चालत नाही. मी ग्राइंडर लावला. वरचा राखाडी रंग उडाला, खालून चॉकलेटी निघाला. चॉकलेटी म्हणजे आधीची कमिटी. त्याखाली पोपटी, तो त्याच्या आधीच्या चेअरमनच्या मुलीच्या लग्नातला. त्याखाली निळा, मग सिल्व्हर. प्रत्येक कमिटीनं मागच्या कमिटीचा थर न खरवडता त्यावर आपला थर दिला होता. जुने सभासद जमून हळवे झाले. ‘हा निळा आठवतो? बिल्डरशी भांडण चाललं होतं तेव्हाचा.’ सगळे रंग काढून लोखंडापर्यंत पोचलो, तेव्हा लोखंड फारसं शिल्लक नव्हतं. वीस वर्षं ते गेट मुख्यतः ऑइलपेंटच्या आधारावर उभं होतं. जे होतं त्यावर मी टाका मारला, तर एका टोकाला भोक पडलं आणि दुसरीकडे हायवेवरून आलेल्या वाऱ्यानं गॅस पळवला.

तेवढ्यात मिस्त्री रस्त्यानं चालला होता. खरंच चालला होता, येत नव्हता. गेटभोवतीची गर्दी बघून थांबला. टेम्पोतून आपलं जुनं मशीन उतरवलं, बारा नंबरचा रॉड लावला, तुटक्या जागी पट्टीचा तुकडा ठेवला, तोंड फिरवून चार टाके मारले, उलटीकडून चार मारले, हातोडीनं पोपडा उडवला. माझगाव डॉकवाल्यांनी टॉर्च पाडला, बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता टॉर्च बंद केला.

‘काका, हे रॉडचं काम,’ मिस्त्री म्हणाला. ‘गंजकं लोखंड, उघड्यावर वारा. रॉडला औषध असतं, तो चालवून घेतो. तुमचं मशीन गाळ्यात पाहिजे. पातळ पाइप, नवा माल, एकसारखे जोड. तिथे ते रॉडला पाणी पाजतं.’

‘मग हे आधी का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही मशीन घेतल्यावर विचारलंत ना काका.’

मशीन मग आमच्या गॅलरीत राहिलं. वर धुणं वाळत घालायची सोय झाली. हेल्मेट नातू दुपारी टीव्ही बघताना घालतो. पावसाळा तोंडावर आल्यावर हिनं तारेच्या रिळाला प्लास्टिकची पिशवी बांधली, कारण ठाण्याच्या दमट हवेत त्या मुलाम्याखालूनही गंज धरतो. आणि असं का, ते तिनं मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत आहे. मॅन्युअल मीच वाचलंय.

एक दिवस मिस्त्रीच आला. शाळेच्या बाकांची मोठी ऑर्डर मिळाली होती, सगळा अठरा गेजचा चौकोनी पाइप. ‘काका, मशीन पडूनच आहे तर भाड्यानं द्या.’ मी सोसायटीत दोन दिवस सांगत फिरलो की माझं मशीन आता व्यवसायात गेलंय. बाळकूमच्या गाळ्यात ते बसलं. पण मिस्त्रीची पोरं रॉडवर वाढलेली. मिस्त्री मापं घ्यायला बाहेर गेला की त्यांच्या हातून सेटिंग बिघडायचं, आणि मिस्त्री परत येईपर्यंत काम ठप्प.

म्हणून आता आमच्याकडे दुपारी फोन येतो. मी उचलतो.

‘काका, काकू आहेत का?’

‘काय हवंय? मला सांग. व्होल्टेज किती ठेवलंय?’

‘नको काका, काकूंनाच द्या ना.’

मी फोन देतो. पोरगा तिकडे फोन गनजवळ धरून खटका दाबतो. ही पोळपाटावरचा हात न थांबवता, फोन खांद्यात धरून, डोळे मिटून ऐकते.

‘पंखा चालू आहे का रे तिकडे?’

तिकडे शांतता. मग दबका आवाज. ‘हो काकू.’

‘तो बंद कर आधी. आता दाब परत. हं. तेल जास्त झालंय, थोडं उतरव. अजून थोडं. बघ, आता लागली की नाही?’

गेल्या आठवड्यात मला राहवलं नाही. ०.८ची तार, अठरा गेजचा पाइप, सगळे आकडे मला तोंडपाठ आहेत. मी जवळ जाऊन म्हटलं, ‘जरा दे इकडे फोन, मी त्याला नीट समजावून सांगतो.’

तिनं फोनवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘अहो थांबा हो जरा, काम चाललंय.’